दार एक लाल, बॉनेट दुसरेच लाल

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा असून नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियात सॅन होजे येथे राहतो. १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरची (उघड्या टपाच्या मोटारीची) हॉट रॉड, म्हणजे फेरबदल करून वेगवान केलेली जुनी गाडी, घरच्या गॅरेजमध्ये बांधत आहे. तीन वर्षांपूर्वी केवळ दोन्ही दारे एका रंगाऱ्याकडून कँडी लाल रंगात रंगवून घेतली होती. त्याने आता व्यवसाय सोडला आहे. दार दुकानात नेऊन यंत्राने शेड वाचून घेतली, परंतु त्यावरून दुकानाने मिसळून दिलेला लाल रंग दाराशेजारी विटकरी आणि निस्तेज दिसतो. शेड कशी जुळवावी? उरलेल्या रंगाने डॅशबोर्ड रंगविला तर चालेल का?

उत्तर : आपल्या गाडीवर मूळ वॉशिंग्टन ब्ल्यूसारखा कारखान्याचा सरळ रंग असता, तर हा प्रश्न दुकानातच सुटला असता. कँडी रंग मात्र डब्यात तयार मिळत नाही. तो पत्र्यावर तयार होतो. खाली चंदेरी किंवा सोनेरी मेटॅलिक बेस, त्यावर पारदर्शक लाल रंगाचे साधारणतः चार ते सहा पातळ हात आणि सर्वांत वर क्लिअर कोट, म्हणजे रंगहीन चकचकीत थर, अशी त्याची रचना असते. प्रकाश लाल थरांतून आत जातो, बेसवरून परततो आणि पुन्हा त्याच थरांतून बाहेर येतो, म्हणून प्रत्येक हातागणिक शेड गडद होत जाते. यंत्राने वाचलेल्या रंगावरून दुकानदाराने बहुधा अपारदर्शक लाल मिसळून दिला असावा. तो विटकरी दिसणारच. कँडी ॲपल रेडचे श्रेय ज्यांना दिले जाते ते गाड्या सजविणारे कारागीर जो बेलन आपल्याच सॅन फ्रान्सिस्को बे एरियातील होते, आणि १९५० च्या दशकात त्यांनी हा रंग घडविला तो अशा थरांचे प्रयोग करूनच.

प्रथम दाराचा बेस कोणता, हे पाहावे. दाराच्या आतील कडेवर, जेथे कोणाची नजर जात नाही तेथे, १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासह हलक्या हाताने फिरविल्यास नाण्याएवढ्या जागेत आधी क्लिअर, मग फिकट होत जाणारा लाल आणि मध्यभागी बेस उघडा पडतो. तो सोनेरी निघाला, तर चंदेरीवर कितीही लाल चढविला तरी दाराची ऊब येणार नाही. बेसमधील कण बारीक आहे की जाड, हेही तेथेच भिंगातून पाहून घ्यावे.

त्यानंतर पत्र्याची एक लांब पट्टी घेऊन तिच्यावर तोच बेस मारावा. लाल रंगाचा प्रत्येक हात वाळला की पट्टीचा एक टप्पा मास्किंग टेपने झाकावा आणि पुढचा हात द्यावा. अशा रीतीने एकाच पट्टीवर एक हातापासून सहा हातांपर्यंतच्या शेडची पायरी मिळते. टेप काढून अर्ध्या रुंदीवर क्लिअर मारावा, कारण क्लिअरखाली रंग अधिक खोल दिसतो. पट्टी उभी टांगूनच रंगवावी. आडव्या पत्र्यावर मेटॅलिकचे कण निराळे बसतात. गन, नोझल, हवेचा दाब, थिनर आणि हात फिरविण्याचा वेग पुढे गाडीवरही तोच ठेवावा लागतो. यांपैकी एक जरी बदलले, तरी हातांची मोजणी व्यर्थ ठरते.

मॅचिंग सेंटरमध्ये ब्लाउजपीस ट्यूबलाइटखाली साडीला जुळलेला वाटला, तरी जाणती गृहिणी तो दुकानाच्या दाराशी नेऊन उजेडात पाहते. पट्टीही तशीच दाराला टेकवून उन्हात, सावलीत आणि गॅरेजच्या दिव्याखाली, समोरून व तिरक्या नजरेने पाहावी. बॉनेट वरून दिसते आणि दार बाजूने, त्यामुळे एकाच रंगात रंगविलेली ही दोन अंगे उन्हात थोडी वेगळी भासतात. तो दोष मानू नये.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर जुन्या दारांशी जुळवत बसू नये. तेथे हात किती दिले होते हे कोणालाच ठाऊक नाही, आणि पारदर्शक लाल उन्हाने उडतोही. दाराची कड व बाहेरचे अंग यांत फरक दिसला, तर नेमके कशाशी जुळवायचे, हाच प्रश्न उभा राहील. साध्या मेटॅलिकप्रमाणे शेजारच्या भागावर रंग विरवूनही टाकता येत नाही, कारण कँडीत हात जेथे एकमेकांवर येतात तेथे गडद पट्टा उमटतो. मोठा भाग अजून रंगवायचाच आहे, तेव्हा दारे पुन्हा बेसपर्यंत आणून, सर्व गाडीला पुरेल इतका रंग एकाच भांड्यात मिसळून, सगळे भाग एकाच बैठकीत रंगवावेत. क्लिअरच्या हार्डनरमध्ये (तो कडक करणाऱ्या द्रावणात) श्वासातून गेल्यास फुप्फुसांना घातक असे आयसोसायनेट असल्याने साधा कार्बनचा मास्क पुरेसा समजू नये. बाहेरून स्वच्छ हवा पुरविणारा मास्क वापरावा.

उरलेल्या रंगात हार्डनर मिसळलेला नसेल, तर डॅशबोर्ड अवश्य रंगवावा. मात्र तो सावलीत राहणार असल्याने दारांइतक्याच हातांत काळपट दिसेल. तेथे एक हात कमी द्यावा.