इमारत त्याची, माणसं तुझी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझ्या मित्राने जोडीने काढलेली व्यंगचित्रांची रेखाटनं मिळाली. प्रयोगशाळेत फीत कापायला आलेले पाहुणे आणि चित्रप्रदर्शनात मोबाइल उंच धरून उभी असलेली मंडळी, दोन्ही विषय झकास आहेत. पण कुठली रेषा कुणाची हे कळू नये म्हणून दोघांनीही आपापला हात आवरून धरलाय, आणि चित्रं तिथेच मवाळ पडलीत. ‘जोडी म्हटली की शैली एकच हवी ना?’ असं तू विचारलंस. नको रे. निदान इतक्यात तरी नको.

लंडनच्या टॉमस रोलँडसन आणि ऑगस्ट शार्ल प्युजिन या जोडीचं काम नीट बघ. रोलँडसन व्यंगचित्रकार, सुटलेली पोटं, लांबलचक नाकं, गर्दीतली रेटारेटी यांत रमणारा. प्युजिन फ्रान्समधून आलेला, जॉन नॅश या वास्तुविशारदाकडे आराखडे काढणारा. कमान कुठे वळते, खांब कितवा, यात तो चुकायचा नाही. रुडॉल्फ आकरमान या प्रकाशकाने दोघांना एकत्र आणलं आणि १८०८ ते १८१० या काळात ‘द मायक्रोकॉझम ऑफ लंडन’चे तीन खंड निघाले. त्यात हाताने रंगवलेली १०४ चित्रं आहेत. इमारती प्युजिनच्या, माणसं रोलँडसनची. इतकी सरळ वाटणी.

त्यातलं लंडनच्या सॉमरसेट हाउस या इमारतीतल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनाचं चित्र मोठं करून बघ. भिंती चौकटीला चौकट लावून पार वरपर्यंत भरलेल्या, छतातून उजेड येतोय. प्युजिनने ही खोली इतकी चोख काढलीय की वरच्या रांगेतलं चित्र खालून दिसणंच शक्य नाही, हे आपल्याला पटतं. मग खाली रोलँडसनची माणसं येतात. एवढ्या चित्रांपुढे ती इवलीशी दिसतात. तिथे टीका कुणी शब्दांत केलेली नाही, ती त्या उंचीत आहे. खोली ढिसाळ काढली असती तर ती माणसं नुसती गमतीदार उरली असती.

त्याच सॉमरसेट हाउसमध्ये तेव्हा रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेचंही बिऱ्हाड होतं. कला आणि विज्ञान एका छपराखाली! तुमच्या विषयाला याहून चांगला पत्ता कुठला?

विज्ञानाचं म्हणशील तर याच ग्रंथात सरी इन्स्टिट्यूशन या लंडनमधल्या संस्थेचं व्याख्यानगृह आहे, गोल, सज्जा असलेलं. शिवाय रोलँडसनने एकट्यानेही रसायनशास्त्राच्या व्याख्यानावर व्यंगचित्र काढलं होतं. तेव्हा अशा व्याख्यानांना तिकीट काढून लोक गर्दी करत. १८०२ मध्ये जेम्स गिलरे या व्यंगचित्रकाराने रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेतला वायूचा प्रयोग काढला. त्यात रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही हातात भाता घेऊन उभा आहे. ते चित्र आजही हसवतं, कारण डेव्ही खरोखरच वायूंवर काम करत होता आणि त्याने हसवणाऱ्या वायूवरचा ग्रंथ १८०० मध्येच छापला होता.

तुमच्या प्रयोगशाळेच्या चित्रात मात्र यंत्र कुठलंच नाही. नळ्या, दिवे, धूर, बस्स. तुझा मित्र भौतिकशास्त्र शिकतो, रोज खऱ्या उपकरणांसमोर बसतो, आणि तरी हे? उपकरण त्यालाच काढू दे. व्हॅक्यूम पंप असेल तर व्हॅक्यूम पंपच दिसायला हवा. त्या विषयातल्या माणसाने चित्र पाहून आधी ‘अरे, हे तर आमचंच!’ म्हणावं आणि मग हसावं. यंत्र चुकीचं असलं की तो चूक दाखवून मोकळा होतो, आणि तुमची टीका त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. जोडीत रोलँडसन सौम्य झाला. त्याच सॉमरसेट हाउसच्या चढ्या जिन्यावरून कोसळणारी गर्दी त्याने एकट्याने काढली, ती किती तरी आडदांड आणि चावट आहे. तुलाही कधी तसं मोकाट काढावंसं वाटेल. तेव्हा एकट्याने काढ, मित्राला सांगून काढ. त्याने जोडी मोडत नाही.

आणि सहीवरून चाललेला वाद थांबवा. त्या चित्रांखाली दोघांचीही नावं आहेत, आणि अ‍ॅक्वाटिंट, म्हणजे छपाईसाठी धातूच्या पत्र्यावर छटा उठवण्याचं काम, करणाऱ्या कारागिराचंही. तुमचं स्कॅनिंग आणि रंगकाम करणाऱ्या मुलीचं नाव मला कुठेच दिसलं नाही. ते आधी घाला.

पुढची खेप पाठवताना दोघांचे कच्चे कागद वेगवेगळे पाठव. त्याचा माणसांविना, तुझा यंत्राविना. मग बोलू.

तुझा,
काका