वॉलपेपर काढायचाय, पण भिंत सांभाळून

प्रश्न : बेडरूममध्ये पलंगामागच्या भिंतीला दहा-बारा वर्षांपूर्वी वॉलपेपर लावला होता. आता सांधे उकललेत आणि खालच्या कोपऱ्यात काळपट डाग आलेत. रंगारी म्हणतो, कागद ओरबाडून काढू आणि अख्ख्या भिंतीला नव्याने पुट्टी मारू. भिंत न बिघडवता कागद निघेल का? आणि ते घरच्या घरी जमेल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : निघेल, आणि जमेलही. ओरबाडू मात्र देऊ नका. रंगकामात इतकी वर्षं काढल्यावर मी पहिला प्रश्न नेहमी हाच विचारतो : कागदाखाली काय आहे? भिंत खराब होते ती कागदामुळे नाही, खालचा थर न ओळखता घातलेल्या पाण्यामुळे आणि खरवडायच्या पत्र्यामुळे.

मेन स्विच बंद करून त्या भिंतीवरच्या स्विचबोर्डाची प्लेट काढा. तिच्या कडेला भिंतीचा थर उघडा दिसतो. किल्लीने खरवडा. मऊ, पांढरी पूड सहज पडली तर आत पीओपी किंवा जिप्सम आहे. किल्ली नुसतीच घसरली, जेमतेम ओरखडा उठला, तर पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आहे. ही पुट्टी पाणी सोसते. पीओपी सोसत नाही, फुगतो आणि कागदाबरोबर पापुद्र्यासारखा निघून येतो. जुना डिस्टेंपर असेल तर तोही सुटणारच. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, नाहीतरी तो खरवडावाच लागला असता.

आपल्याकडचे बहुतेक वॉलपेपर व्हिनाइलचे असतात, म्हणजे वर प्लास्टिकचा थर आणि खाली साधा कागद. वरचा थर कोरडाच सोलायचा. सांध्याजवळचं टोक नखाने उचला आणि भिंतीला जवळजवळ चिकटून खाली ओढत न्या. आपल्या अंगाकडे ओढलात तर खालचा थर उखडतो. मागे भिंतीवर कागद राहील, राहू द्या. प्लास्टिक पाणी आत जाऊ देत नाही, हा कागद मात्र पाणी पितो.

आता बादलीभर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाका आणि स्पंजने किंवा रोलरने, हात पोचेल तेवढाच पट्टा भिजवा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. बोटाने चोळल्यावर कागदाच्या वळ्या व्हायला लागल्या की समजा वेळ झाली. वळ्या होत नसतील तर पत्रा हातात घेऊच नका. पीओपीवर स्पंज घट्ट पिळूनच फिरवा आणि पट्टा लहान घ्या. वाफेचं मशीन तर पीओपीच्या भिंतीजवळही आणू नका.

चार इंची पुट्टीपत्रा घ्या, आणि वापरण्याआधी त्याची दोन्ही टोकं कानशीने गोल करा. माझ्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे पहिल्या दिवशी करायला लावतो. नव्या पत्र्याचं टोक सुरीसारखं असतं. हात जरा तिरका झाला की भिंतीत चर पडतो, आणि तो चर रंगानंतर उजेडात उठून दिसतो. पत्रा भिंतीवर जवळपास आडवा ठेवून सरकवा.

कागद फेविकॉलसारख्या गोंदाने चिकटवलेला असेल तर तो पाण्याने मऊ पडेल, पण नीट सुटणार नाही. तिथे हट्ट नको. निघेल तेवढं काढा, उरलेलं पॉलिशपेपरने घासा आणि तेवढ्याच जागी पुट्टी भरा. अख्ख्या भिंतीला पुट्टी कशाला?

कागद निघाला म्हणजे काम संपलं असं नव्हे. बरेच जण इथेच चुकतात. भिंतीवर उरलेला गोंद ओल्या हाताला बुळबुळीत लागतो. तो दर वेळी नवं पाणी घेऊन पुसून काढा. खळीचा गोंद असेल तर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब तिथे निळा-काळा होतो. गोंद राहिला तर वरचा रंग तडकतो, सोलतो.

तुमचे काळपट डाग मला जास्त महत्त्वाचे वाटतात. व्हिनाइलमागे ओल कोंडते आणि बुरशी धरते. भिंतीपलीकडे बाथरूम आहे का, की ती पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत आहे, ते आधी पाहा. बुरशी कोरडी खरवडू नका, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा. कागद निघाल्यावर फूटभर प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून एक रात्र ठेवा. सकाळी आतून दवासारखे थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे, रंगाची घाई नको. त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात नाही.

इमारत जुनी असेल आणि खाली ऑइलपेंट निघाला तर तो कोरडा घासू नका. रंगातल्या शिशाला 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा 2017 च्या अखेरीस लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं. ओला पॉलिशपेपर वापरा आणि लहान मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.

प्रश्न : वॉलपेपरवरूनच रंग मारला तर? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नको. रंगातल्या पाण्याने कागद फुगतो, सांधे उठतात. व्हिनाइलवर तर रंग नीट धरतच नाही. मुद्दाम रंगवण्यासाठी बनवलेला वॉलपेपर मिळतो, तो असेल आणि कुठेही सुटला नसेल, तरच रंगवा.