सेल संपायच्या आत

गेल्या अंकात पाम आणि सायॉन हे जुने खिशातले संगणक, आणि डिजिटल डायऱ्या, यांच्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पत्रं येऊ लागली. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण जिथे उशीर झाला तर काहीच हाती लागणार नाही, ती पत्रं आधी घेते आहे.

ताई, स.न. माझे बाबा मिरजेत दवाखाना चालवायचे. २००० साली त्यांनी पाम थ्री-एक्सई घेतला. आज वय ७८, तरी खिशात तोच असतो. हजारभर पत्ते आणि फोन, शिवाय टिपणं. ज्या डेस्कटॉपला तो जोडायचे तो गेल्या पावसाळ्यात बंद पडला. पामच्या क्रेडलला, म्हणजे तो ठेवून संगणकाला जोडायच्या स्टँडला, नऊ भोकांचा रुंद प्लग आहे. माझ्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला तसं काहीच नाही. १५० रुपयांचा यूएसबी कन्व्हर्टर आणला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह येतं. बाबा म्हणतात, "राहू दे, माझं चाललंय ना." काय करू? — एक वाचक, मिरज

बाबांचं चाललंय हे खरं आहे, पण कशावर चाललंय ते बघा. थ्री-एक्सईमध्ये ८ एमबी रॅम आहे आणि त्यांनी लिहिलेलं सगळं त्या रॅममध्येच आहे. दोन बारीक सेल, रिमोटमध्ये घालतो तेच, ती जिवंत ठेवतात. सेल बदलताना आतला एक कंडेन्सर, थोडी वीज साठवणारा भाग, तेवढा वेळ ती धरून ठेवतो. तो वेळ साधारण एका मिनिटाचा धरतात, तेही यंत्र नवं असताना. पंचवीस वर्षांच्या कंडेन्सरच्या भरवशावर मी कुणाचे हजार पत्ते ठेवणार नाही. म्हणून पुढचे सेल बदलायच्या आधी हे काम उरका.

आता कन्व्हर्टर. स्वस्त कन्व्हर्टरमध्ये बहुतेक वेळा पीएल-२३०३ नावाची चिप असते. तिच्या नकला बाजारात इतक्या आल्या की मूळ कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ती चिप ओळखायला लावणारा प्रोग्रॅम, नकली आणि जुन्या, दोन्ही चिपांना नकार देतो. पिवळं चिन्ह बहुतेक त्याचंच आहे, वायर बदलून ते जाणार नाही. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाऊन "एफटीडीआय चिपवाला आरएस-२३२ कन्व्हर्टर" असं नीट नाव घेऊन मागा. आरएस-२३२ हे या जुन्या सिरियल जोडणीचं नाव, ते गाळू नका. मुलं प्रोजेक्टला वापरतात त्या टीटीएलच्या छोट्या पट्ट्याही 'यूएसबी टू सिरियल' म्हणूनच विकल्या जातात, पण त्यांचं व्होल्टेज वेगळं असतं. त्या इथे लावायच्या नाहीत.

कन्व्हर्टर लागला की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्ट्सखाली त्याचा कॉम नंबर बघा. विंडोज त्याला कॉम ७, कॉम ११ असा कुठलाही नंबर देतं आणि जुनी सॉफ्टवेअर्स पुष्कळदा इतक्या वरचा नंबर बघतच नाहीत. त्याच ठिकाणी पोर्ट सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड, तिथे कॉम ४ च्या आतला मोकळा नंबर द्या. मी ३१ वर्षं कारखान्यात यंत्रं संगणकाला जोडण्याचं काम केलं. एवढ्या एका गोष्टीसाठी अख्खी पाळी वाया गेलेली मी पाहिली आहे.

सॉफ्टवेअर म्हणून पाम डेस्कटॉप ४.१.४ घाला. हे सिरियल मार्गाने ६४-बिट विंडोजवरही चालतं. घड्याळाजवळ हॉटसिंकचं, म्हणजे पाम आणि संगणक एकमेकांशी जुळवणाऱ्या प्रोग्रॅमचं, चिन्ह येईल. त्यात 'लोकल सिरियल'वर खूण करा आणि सेटअपमध्ये तुमचा कॉम नंबर निवडा. वेग आधी १९२०० ठेवा. घाई नाही, ८ एमबी म्हणजे आजचे दोन-तीन फोटो.

यानंतर थांबा आणि पुढचं वाक्य दोनदा वाचा. क्रेडलवरचं हॉटसिंकचं बटण दाबायच्या आधी हॉटसिंकच्या 'कस्टम'मध्ये जाऊन पत्ते, तारखा, टिपणं, कामं या प्रत्येक ओळीला 'हँडहेल्ड ओव्हरराइट्स डेस्कटॉप' असं करा, म्हणजे पाममधलं लॅपटॉपवर येईल. त्याच्या बरोब्बर उलटा पर्यायही तिथेच असतो. तुमचा लॅपटॉप रिकामा आहे. उलटं निवडलंत तर तो रिकामेपणा बाबांच्या पाममध्ये जाईल.

पामच्या तळाशी सरकणारी छोटी प्लास्टिकची झडप आहे, तिच्यामागे सोनेरी पट्ट्यांची रांग आहे. कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून त्या पट्ट्या आणि क्रेडलच्या पिना पुसा. दवाखान्यातल्या खिशात इतकी वर्षं राहिलेल्या यंत्राचा कापूस किती काळा निघतो ते बघाल. मग क्रेडलवर ठेवून बटण दाबा. तीन-चार सुरांची छोटी धून वाजली की जोडणी झाली. संपल्यावर ती पुन्हा वाजते. तोवर हात लावू नका.

पत्ते सीएसव्ही, म्हणजे रकान्यांची साधी मजकूर फाइल, म्हणून बाहेर काढाल तेव्हा ती फाइल एक्सेलमध्ये डबल-क्लिक करून उघडू नका. एक्सेल नंबराच्या सुरुवातीचं शून्य खातं, म्हणजे सांगली-मिरजेचं ०२३३ नुसतं २३३ होतं. डेटा इम्पोर्टमधून जाऊन फोनचा रकाना 'टेक्स्ट' करा. आणि बरेच लँडलाइन नंबर पुढे २ लागण्याच्या आधीचे असतील, ते बाबांना शेजारी बसवूनच दुरुस्त करा. कोण कुठलं हे त्यांनाच ठाऊक.

एवढं झालं की त्यांना पाम खुशाल वापरू द्या. सेल मात्र अल्कलाइनच घाला. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे यंत्राला ते पहिल्या दिवसापासून उतरलेले वाटतात.

माझ्याकडे पामचा झायर ३१ आहे. वायर यूएसबीची आहे, तरी विंडोज १० ओळखतच नाही. दोन वायरी बदलल्या. — एक वाचक, नागपूर

तिसरी आणू नका. पामचा यूएसबी ड्रायव्हर ३२-बिट विंडोजसाठी होता आणि कंपनीने ६४-बिटचा काढला नाही. तुमचं विंडोज ६४-बिट असणार. सरळ रस्ता असा: विंडोजऐवजी चालणारी लिनक्स मिंट ही प्रणाली पेनड्राइव्हवर घ्या, लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि जे-पायलट नावाचा प्रोग्रॅम वापरा. पामशी बोलण्याचा भाग लिनक्सच्या गाभ्यातच आहे. एक लक्षात ठेवा, नुसती वायर लावून लिनक्समध्येही काही दिसणार नाही. हे यंत्र हॉटसिंक दाबल्यावरच यूएसबीवर उभं राहतं, आणि तेही थोडाच वेळ. म्हणून आधी झायरवर हॉटसिंक, दोन सेकंद थांबून मग जे-पायलटमध्ये सिंक. कुणाकडे विंडोज एक्सपीचा जुना लॅपटॉप असेल तर तोही चालेल. मी एक नीट जपून ठेवला आहे.

आणि झायर ३१ ची बॅटरी आत बसवलेली आहे. ती पूर्ण उतरली की तुमचा मजकूरही जातो. रोज चार्ज करत राहा.

मी १९९९ मध्ये इंग्लंडला आलो तेव्हा पहिल्या पगारातून सायॉन ५-एमएक्स घेतला होता. त्यात तीन वर्षांची रोजनिशी आहे, मराठीत, पण रोमन अक्षरांत. अजून सुरू होतो, पडद्यावर मात्र आडव्या रेघा येतात. — एक वाचक, लेस्टर

रेघा येतात म्हणजे पडद्याकडे जाणारी चपटी पट्टी-वायर तडकू लागली आहे. या मालिकेचं ते जुनं दुखणं आहे. झाकण प्रत्येक वेळी उघडताना ती थोडी आणखी तुटते. म्हणून आज उघडाल तेव्हा काम पूर्ण होईपर्यंत मिटू नका.

तुम्हाला सिरियल वायरीच्या वाटेला जायची गरजच नाही. सायॉनच्या कडेला कॉम्पॅक्टफ्लॅश कार्डाची खाच आहे. छोटं कार्ड घ्या, १२८ किंवा २५६ एमबीचं, मोठं नको. ते सायॉनमध्येच फॉरमॅट करा, म्हणजे तुमचं यंत्र आणि आजचा संगणक दोघांनाही ते वाचता येतं. मग सगळी फोल्डरं 'सी'वरून, म्हणजे आतल्या मेमरीतून, 'डी'वर, म्हणजे कार्डावर, कॉपी करा. कार्ड रीडरमध्ये घातलंत की फाइली लॅपटॉपवर येतील, पण त्या सायॉनच्या स्वतःच्या वर्डच्या आहेत, आजचा वर्ड त्या उघडणार नाही. म्हणून रोजनिशीची प्रत्येक फाइल सायॉनच्या वर्डमधूनच साधी मजकूर फाइल करून कार्डावर टाका. कंटाळवाणं काम आहे, एका रविवारचं. पण तीन वर्षांची रोजनिशी म्हणजे पहिल्या हिवाळ्यापासूनचं सगळं तुम्ही त्यात लिहिलं असेल. ते आलं की देवनागरीत उतरवा. रोमनमध्ये 'kal' म्हणजे काळ की काल, हे तुमच्या नातवंडांना कळणार नाही, तुम्हाला आज कळतं.

सेलबद्दल: मोठे दोन पेन्सिल सेल आणि नाण्यासारखा सीआर-२०३२ एकाच वेळी कधीही काढायचे नाहीत. एक जागेवर, तर दुसरा हातात.

वडिलांची कॅसिओची डिजिटल डायरी आहे, जोडायची वायर नाही. कुठे मिळेल? — एक वाचक, चिपळूण

वायर शोधण्यात महिना घालवू नका. मोबाइलने एकेका पानाचा फोटो काढा. डायरी खिडकीजवळ ठेवा, फ्लॅश बंद, पडदा थोडा तिरपा करा, म्हणजे काचेत तुमचीच सावली दिसणार नाही. पुढच्या नावाचं बटण दाबा, फोटो, पुन्हा बटण. दोनशे नावं तासाभरात होतात. मग निवांत टाइप करा. बटन सेल बदलायचे असतील तर तेही एका वेळी एकच.

माझी पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. तिचा पाम एम-१०० कपाटात सापडला. सेल घातले, सुरू झाला, पण पडद्यावर फक्त खुणेवर टेकवा असं येतंय. तिच्या पाककृती आणि टिपणं त्यात होती. संगणकाला जोडलं तर निघतील का? — एक वाचक, ठाणे

काका, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. ती खूण म्हणजे यंत्र पहिल्यांदा सुरू झाल्यासारखं उठलं आहे. कपाटात सेल कधीतरी संपले आणि आतलं पुसलं गेलं. कुठलीही वायर ते परत आणणार नाही, आणि कुणी पैसे घेऊन आणून देतो म्हणालं तर देऊ नका.

माझ्याही घरी हे झालं आहे. आई जात्यावरच्या ओव्या म्हणायची. २००३ च्या उन्हाळ्यात मी तिच्याजवळ बसून पामवर त्या उतरवल्या, पडद्यावर लिहायच्या त्या काडीने, एकेक रोमन अक्षर रेघोट्या ओढून. साठाच्या वर झाल्या होत्या. मध्येच ती थांबायची, दळण संपल्यासारखा हात झटकायची, आणि मग पुढची ओवी आठवायची. नंतर मोबाइल आला, पाम ड्रॉवरमध्ये गेला. आई गेल्यावर काढला तेव्हा सेल गळून हिरवा थर चढला होता. आज मला त्यातल्या चार पूर्ण येतात, आणि काहींची पहिली ओळ.

पण तुमच्या बाबतीत एक दार अजून उघडं आहे. माझ्या घरी ते नव्हतं, कारण मी पाम कधी जोडलाच नव्हता. तुमच्या पत्नी त्या काळात तो घरच्या संगणकाला जोडायच्या का? जोडत असतील तर प्रत्येक वेळी पाममधल्या सगळ्याची प्रत त्या संगणकावर उतरत होती. तो संगणक माळ्यावर असेल तर भंगारात देऊ नका, आणि सुरू करून बघायचा मोहही आवरा. त्याची हार्ड डिस्क बाहेर काढून घ्या. मागे चाळीस पिनांची रुंद रांग असेल. तिच्यासाठी आयडीई ते यूएसबी कन्व्हर्टर मिळतो, वेगळ्या पॉवर ॲडॉप्टरसकटचाच घ्या. यूएसबीची वीज त्या डिस्कला पुरत नाही.

डिस्क दिसू लागली की 'सी'मध्ये किंवा प्रोग्रॅम फाइल्समध्ये 'पाम' नावाचं फोल्डर शोधा. त्याच्या आत पत्नीच्या नावाची पाच-सहा अक्षरं जोडून केलेलं फोल्डर असेल, बहुतेक आडनाव आधी. त्यात मेमोपॅड आणि ॲड्रेस अशी आणखी फोल्डरं असतील. सगळं फोल्डर आहे तसं दोन ठिकाणी कॉपी करा. मग मेमोपॅडमधली डॅट फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीला चित्रविचित्र चिन्हं दिसतील. घाबरू नका, खाली येत राहा. त्या चिन्हांच्या मध्ये मजकूर साध्या अक्षरांत असतो.

काही सापडलं किंवा नाही सापडलं, दोन्ही मला कळवा. डिस्क जोडायला जमलं नाही तर संपादकांच्या पत्त्यावर पाठवा, मी स्वतः बघेन.