बायोइन्फॉर्मेटिक्स घेतले तर जीवशास्त्र सुटेल का?

बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन समुपदेशनासाठी आली होती. एम.एस्सी.ला बायोइन्फॉर्मेटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातील माहितीचे कॉम्प्युटरने विश्लेषण करण्याचा विषय, घ्यावे असे तिच्या मनात होते. पण त्यामुळे मुलगी ‘ना धड जीवशास्त्राची, ना धड कॉम्प्युटरची’ राहील आणि बायोटेक कंपन्यांत तिला कोणी विचारणार नाही, ही वडिलांची धास्ती होती. बारावीनंतर गणित सुटल्यामुळे तीही कचरत होती.

सल्ला देण्याआधी मी तिला एक काम दिले. नंदुरबार, गडचिरोलीकडील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या सिकलसेल आजारात बीटा-ग्लोबिन या प्रथिनातील अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागेवरचे ग्लुटामिक आम्ल जाऊन तेथे व्हॅलिन येते, हे ती शिकलेली होती. एनसीबीआय या अमेरिकी संस्थेच्या विनामूल्य ऑनलाइन संग्रहातून निरोगी प्रथिनाचा क्रम (प्रत्येक अमिनो आम्लासाठी एक अक्षर) उतरवून ती जागा दाखव, एवढेच मी सांगितले. तिने मोजले, तर सहाव्या जागी प्रोलिन होते आणि ग्लुटामिक आम्ल सातव्या! फाइल चुकली असावी असे वाटून तिने ती पुन्हा उतरवली, तरी तेच. मग तिला आठवले की प्रथिन तयार होताना सुरुवातीला येणारे मेथिओनिन नंतर कापले जाते. संग्रहात ते मोजलेले असते, तर पुस्तकातील क्रमांक ते वगळून दिलेला असतो.

वडिलांना मी म्हटले, “कॉम्प्युटरने अक्षरे दाखवली, त्यांचा अर्थ तिच्या जीवशास्त्रानेच लावला ना?” जनुकक्रमांचे विश्लेषण असो वा औषधासाठी योग्य प्रथिनाचा शोध, बायोटेक कंपन्यांना अशीच माणसे हवी असतात, आणि ती सहजासहजी मिळत नाहीत असे माझे ठाम मत आहे.

गणिताची भीती मात्र मी उडवून लावली नाही. संख्याशास्त्र आणि संभाव्यता यांना पर्याय नाही; पायथन आणि आर या प्रोग्रॅमिंग भाषा आणि लिनक्स ही कॉम्प्युटरची कार्यप्रणाली यांचा रोज थोडा सराव हवाच. संशोधनातील बऱ्याच पदांसाठी पुढे पीएच.डी. लागते, हेही आधीच कळलेले बरे. ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या महागड्या सर्टिफिकेट कोर्सवर पैसे घालू नयेत, हे मी प्रत्येक पालकाला कळकळीने सांगतो, कारण सरावाला लागणारी माहिती आणि साधने बहुतांशी विनामूल्य आहेत. पुण्यातील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात तर 1987 पासून या विषयाचे केंद्र आहे.

शेवटच्या वर्षाचा प्रकल्प तिने प्रयोगशाळेतच करावा आणि त्यातून मिळालेल्या आकड्यांचे विश्लेषण स्वतः आरमध्ये करावे, असे आमचे ठरले.