सॉफ्टवेअर अडते तेव्हा नेमके काय अडते?

डिझाइनच्या शिक्षणात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांची एक काळजी समुपदेशक म्हणून माझ्यापर्यंत वारंवार येते. हाताने काढलेले चित्र चांगले जमते, पण कॅड, म्हणजे संगणकावर मापात आराखडे काढण्याचे सॉफ्टवेअर उघडले की डोके चालेनासे होते, तेव्हा हे क्षेत्र आपले नाहीच की काय, अशी ती काळजी असते. फर्निचर डिझाइनच्या पहिल्या वर्षातील एक विद्यार्थिनी हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आली होती. तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तो अनुभव येथे लिहीत आहे.

तिची स्केचबुक पाहिली तेव्हा तिच्या हाताविषयी शंका घेण्याचे काही कारणच नव्हते. अडचण ऑटोकॅड या कॅड सॉफ्टवेअरच्या तासाला सुरू होत असे. वर्गातील काही जण पदविका करून आलेले असल्यामुळे त्यांची बोटे कीबोर्डवर सराईतपणे फिरत, आणि त्यांच्याकडे पाहूनच तिचा धीर खचे. घरी ती व्हिडिओ लावून शिके. व्हिडिओ थांबवत थांबवत काढलेली आकृती हुबेहूब येई, मात्र दुसऱ्या दिवशी कोरी फाइल उघडली की पहिली रेघ कुठे मारायची हेही सुचत नसे. यावरून "माझी बुद्धीच मंद आहे, मॅडम," असा निष्कर्ष तिने काढला होता आणि तासाला दांड्या मारायला सुरुवात केली होती.

असा निष्कर्ष ऐकल्यावर लगेच धीर देण्याचा मोह होतो, परंतु धीर देण्याआधी माणूस नेमका कुठे थांबतो हे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. म्हणून पुढच्या भेटीला मी तिला लॅपटॉप घेऊन बोलावले. एक ड्रॉवर असलेले ६०० मिलिमीटर रुंदीचे छोटे टेबल तिला वर्गात काढायला दिलेले होते. तेच माझ्यासमोर काढायचे आणि काढताना मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायचे, एवढेच मी सांगितले.

तिने लाइन कमांडने बाहेरची चौकट काढली, फळीची १८ मिलिमीटर जाडी ऑफसेटने, म्हणजे ठरावीक अंतरावर समांतर रेघ काढणाऱ्या कमांडने आत घेतली, नको असलेली टोके ट्रिम कमांडने छाटली. इथपर्यंत कुठेही अडले नाही. ड्रॉवरपाशी आल्यावर मात्र हात थांबला, आणि ती वरच्या पट्टीतील चिन्हे एकामागून एक उघडून पाहू लागली. "कोणती कमांड असते, तेच आठवत नाही," ती म्हणाली. वास्तविक तिला हवी होती ती पुन्हा लाइन किंवा ऑफसेटच, आणि त्या दोन्ही तिने नुकत्याच वापरल्या होत्या. मी विचारले, "ड्रॉवर किती रुंद आहे?" त्याचे उत्तर तिच्याकडे नव्हते.

पेन्सिलने ड्रॉवर काढताना ही रुंदी ठरवावीच लागत नाही, कारण डोळ्याला बरी दिसेल अशी चौकट पुरते. कॅड मात्र आकडा मागते. आम्ही कागद घेतला. ६०० मधून दोन्ही बाजूंच्या फळ्यांचे ३६ वजा केले की आतली जागा ५६४ उरते. ड्रॉवर बाजूला लावायच्या चॅनेलवर सरकणार असेल, तर प्रत्येक बाजूला साधारण १३ मिलिमीटर सोडावे लागतात, म्हणजे ड्रॉवरची बाहेरची रुंदी ५३८. हा हिशेब तिने स्वतः केला आणि उरलेली आकृती न थांबता पूर्ण केली. त्या बैठकीत ती जिथे जिथे अडली, तिथे न ठरलेले एखादे माप होते: पायांची जाडी, ड्रॉवरच्या दर्शनी फळीभोवतीची फट, वरची फळी किती पुढे काढायची ते. हा न ठरलेला निर्णय तिला दर वेळी विसरलेली कमांड वाटत असे. व्हिडिओत प्रत्येक आकडा आयता मिळत असल्यामुळे तिथे ही उणीव तिच्या ध्यानात येणेच शक्य नव्हते.

त्यानंतर आम्ही जे ठरवले ते अगदी साधे होते. फाइल उघडण्याआधी कच्चे चित्र काढून त्यावर मापे लिहायची, आणि जे माप माहीत नाही तिथे प्रश्नचिन्ह ठेवायचे. कमांड मोजक्याच, पण चिन्हे न शोधता अक्षरांनी देता येतील इतक्या हाताखालच्या कराव्यात. वस्तू खऱ्या मापातच काढावी आणि १:१० किंवा १:२० हे प्रमाण छपाईच्या लेआउटमध्येच ठरवावे. नवी रेघ आधीच्या रेघेच्या टोकाला नेमकी चिकटवणारी ऑब्जेक्ट स्नॅपची सोय चालू ठेवावी, कारण रेघांची टोके केसभरही सुटली तरी पुढे हॅच (बंद आकारात भरायच्या तिरक्या रेघा किंवा नक्षी) भरत नाही आणि नवशिक्याला त्याचे कारण कळत नाही. हे सारे तिच्या शिक्षकांनी आधीच सांगितलेले होते, पण घाबरलेल्या माणसाच्या कानावर पडलेले सारेच आत पोहोचत नाही.

"मग ऑटोकॅडच शिकू की थ्रीडी?" हा तिचा पुढचा प्रश्न होता. कोणते सॉफ्टवेअर याची चर्चा विद्यार्थी गरजेपेक्षा जास्त करतात, असे माझे मत आहे; अभ्यासक्रमात जे आहे ते आधी नीट यावे. तरीही तिला सॉलिडवर्क्स या थ्रीडी कॅड सॉफ्टवेअरची एक गोष्ट आवडेल असे वाटले म्हणून सांगितली. त्यात स्केचमधील ज्या रेघांचे माप किंवा स्थान ठरायचे बाकी असते त्या निळ्या दिसतात आणि पूर्ण ठरल्या की काळ्या होतात. रेघांना माप-स्थानाच्या अशा अटी घालण्याची सोय इव्हान सदरलँड यांच्या १९६३ सालच्या स्केचपॅड या संगणकावर चित्र काढण्याच्या सुरुवातीच्या प्रोग्राममध्येही होती. ती हसून म्हणाली, "म्हणजे काय ठरलं नाही ते सॉलिडवर्क्समध्ये दिसतं तरी."

वर्गातील सराईत मुलांपेक्षा ती आजही हळू काढते, आणि ते मी तिच्यापासून लपवले नाही. तो वेग सरावाने येतो आणि पदविकेच्या काळात त्या मुलांनी तो सराव केलेला आहे. तासाला जाणे मात्र तिने पुन्हा सुरू केले, आणि माप कळले नाही तर ते शिक्षकांना तिथल्या तिथे विचारायचे, हेही तिला जमू लागले.

हीच काळजी असलेल्या प्रत्येकाचे कारण हेच असेल असे नाही. मापे लिहिलेला कागद शेजारी असूनही हात अडत असेल, तर कमतरता सरावाची आहे. त्यासाठी समुपदेशकापेक्षा प्रयोगशाळेतील जास्तीचे तास उपयोगी पडतात. सरावही पुरेसा असून तासाच्या आदल्या रात्री झोप लागत नसेल, किंवा इतर विषयांचे वर्गही टाळावेसे वाटत असतील, तर मात्र सॉफ्टवेअर बाजूला ठेवून त्या भीतीविषयीच कोणाशी तरी लवकर बोलावे.