‘कॉन्ट्युमली’ या इंग्रजी शब्दाचा नेमका अर्थ काय? ‘कंटेम्प्ट’च्या जागी तो शब्द चालतो का?

नाही चालत. ‘कंटेम्प्ट’ म्हणजे तुच्छता, ही मनातली भावना असू शकते, चेहऱ्यावर न दाखवताही ती बाळगता येते. ‘कॉन्ट्युमली’ला मात्र कृती लागते. समोरच्याला कस्पटासमान लेखून केलेलं उर्मट बोलणं किंवा वागणं, ज्यानं त्याचा मान जातो, ते कॉन्ट्युमली. म्हणून ‘आय फेल्ट कॉन्ट्युमली फॉर हिम’ हे चूक. तिथे कंटेम्प्टच हवा.

बहुतेकांना हा शब्द शेक्सपिअरच्या नाटकातल्या हॅम्लेटच्या ‘टू बी ऑर नॉट टू बी’ या स्वगतात भेटतो: ‘द प्राउड मॅन्स कॉन्ट्युमली’. त्यातला ‘प्राउड’ महत्त्वाचा आहे. बसमध्ये धक्का लागल्यावर कोणी खेकसला तर तो नुसता उद्धटपणा. कॉन्ट्युमलीत स्वतःला वरचढ समजण्याचा माज असतो. मराठीत मी ‘उपमर्द’ हा शब्द निवडेन. चारचौघांत तोंडावर सुनावलं असेल तर ‘पाणउतारा’ही बसतो. ‘हेटाळणी’त थट्टेचा रंग जास्त आहे आणि ‘अवहेलना’ नुसत्या दुर्लक्षानंही होते, त्यामुळे ते दोन्ही जरा बाजूला पडतात.

शेवटी ‘एल-वाय’ असल्यामुळे अनेकजण याला क्रियाविशेषण समजतात, पण हे नाम आहे. विशेषण ‘कॉन्ट्युमीलिअस’, त्यात जोर ‘मी’वर. क्रियाविशेषण हवं असेल तर ‘कॉन्ट्युमीलिअसली’. क्रियापद नाही, म्हणून ‘ट्रीट समवन विथ कॉन्ट्युमली’ किंवा ‘हीप कॉन्ट्युमली ऑन समवन’ अशी रचना करावी लागते. आधी ‘अ’ हे उपपद (आर्टिकल) सहसा लावत नाहीत. उच्चार ब्रिटिश पद्धतीत तीन सिलॅबल्सचा, जोर ‘कॉन्’वर. हॅम्लेटमधली ती ओळही दहा सिलॅबल्समध्ये बसते ती याच उच्चारानं. अमेरिकेत ‘कन्टूमली’सारखा उच्चारही चालतो, तिथे जोर ‘टू’वर येतो.

मूळ लॅटिन ‘कॉन्टुमेलिया’. इ.स. 533 मध्ये आलेल्या, रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्याच्या पाठ्यग्रंथात त्याची व्युत्पत्ती तुच्छ लेखणे या अर्थाच्या क्रियापदावरून, म्हणजे कंटेम्प्टच्याच मुळावरून दिली आहे. आजचे कोशकार बहुधा ‘फुगणे’ या अर्थाच्या धातूकडे बोट दाखवतात. गर्वानं फुगलेला माणूस डोळ्यांपुढे आणला की अर्थ विसरत नाही, म्हणून मला ही दुसरी व्युत्पत्ती जास्त भावते.

सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो ‘कॉन्ट्युमसी’शी, आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांनी इथे फार जपावं. कॉन्ट्युमसी म्हणजे न्यायालयाचा किंवा अधिकाऱ्याचा हुकूम हट्टानं न मानणं. त्याचं विशेषण ‘कॉन्ट्युमेशस’. न्यायालयाच्या अवमानाच्या प्रकरणांत, म्हणजे भारतातल्या 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याखालच्या निकालांत, ‘कॉन्ट्युमेशस कंडक्ट’ वारंवार दिसतं. त्याचं भाषांतर ‘अपमानास्पद वर्तन’ केलं तर मुद्दाच हुकतो; ‘हेतुपुरस्सर आज्ञाभंग’ असं काहीतरी हवं. मराठीतल्या ‘अवज्ञा’ शब्दात अनादर आणि आज्ञाभंग हे दोन्ही मावतात, त्यामुळे आपली गफलत आणखी सहज होते. इंग्लंडच्या निकालांत मुदती मुद्दाम न पाळणाऱ्या पक्षकाराबद्दल ‘कॉन्ट्युमीलिअस डिफॉल्ट’ असंही लिहिलेलं सापडतं, तिथे खुद्द इंग्रजीतच दोन शब्दांची सीमा पुसट झाली आहे. अशा वेळी अर्थ संदर्भावरूनच लावा.

रोजच्या ईमेलमध्ये हा शब्द घालू नका, फार जड होतो. तिथे ‘इन्सल्ट’ किंवा ‘ह्युमिलिएशन’ पुरेसं आहे.