सायरनवाली नोकरी नाही ही

तू विचारलं होतंस की न्यू यॉर्कला अर्बन प्लॅनिंगच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, तर शहराच्या सार्वजनिक घरांच्या आपत्कालीन विभागात फेलोशिप करावी का, व्हिसा आड येईल का आणि तिथे काम नक्की काय असतं. मी उन्हाळ्यात पूर्णवेळ आणि पुढे डिसेंबरपर्यंत आठवड्याला २० तास तेच काम केलं. कर, बिनधास्त कर. पण आधी कागदांचं बघ.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अशा कामासाठी सीपीटी (शिकता शिकता काम करायची परवानगी) लागतं. साधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच ते मिळतं आणि काम अभ्यासक्रमाशी जोडलेलं असावं लागतं. विद्यापीठाने दिलेल्या नव्या आय-२० या कागदावर छापलेल्या तारखेच्या आधी एक दिवसही कामाला जायचं नाही, 'नुसतं ओळख करून घ्यायला' म्हणूनसुद्धा नाही. माझा कागद विद्यापीठाच्या ऑफिसात अडकला आणि पहिला आठवडा मी घरी बसून काढला. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झालं तर ओपीटी (मुख्यतः डिग्रीनंतर काम करायची परवानगी) हातचं जातं. एका उन्हाळ्याने काही बिघडत नाही, पण हिशेब ठेव. तुझ्या डिग्रीचा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) बसतो का तेही आत्ताच विचार. बसला तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर आणखी २४ महिने मिळू शकतात. पगार सुरू झाला की पे-स्लिपवर सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शनची वर्गणी) कापलेली नाही ना, ते बघ. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं ती माफ असते. रिटर्न भरताना भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, हे फॉर्म भरून देणाऱ्यांनाही कधीकधी माहीत नसतं.

आता काम. शहराची सार्वजनिक घरं सांभाळणाऱ्या न्यू यॉर्क सिटी हाउसिंग ऑथॉरिटीला इथे सगळे 'नायचा' म्हणतात. स्थापना १९३४ची. म्हाडा म्हटलं की आपल्याला लॉटरी आठवते, तसं इथे नाही. घर विकत मिळत नाही, भाड्याने मिळतं, आणि भाडं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के. दीड लाखाहून जास्त घरं आहेत. क्वीन्सब्रिज हाउसेस ही एकच वसाहत तीन हजारांवर घरांची.

आपत्कालीन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर हेल्मेट घालून धावणं होतं. आग विझवायला फायर डिपार्टमेंट आहे, त्यासाठी लोक ९११ फिरवतात. आमचं काम बंब परत गेल्यावर सुरू व्हायचं. कोणती घरं राहण्याजोगी नाहीत, कुटुंबं आज रात्री कुठे झोपणार, रेड क्रॉसशी कोण बोलणार, लिफ्ट कधी चालू होणार. सगळा खेळ याद्यांचा आणि फोनचा.

लिफ्ट आणि वीज यांचं महत्त्व तिथे सगळ्यांना सँडी वादळाने शिकवलंय. २९ ऑक्टोबर २०१२ला वादळाचं पाणी रेड हूक, कोनी आयलंड, रॉकअवे इथल्या इमारतींच्या तळघरांत शिरलं. बॉयलर आणि विजेची पॅनेल तिथेच. वरचे मजले कोरडे, पण दिवा नाही, हीटिंग नाही, लिफ्ट नाही आणि पंप बंद म्हणून नळालाही पाणी नाही. चौदाव्या मजल्यावरच्या म्हातारीला पुराचा थेंब लागला नाही, तरी ती अडकली. पुढच्या दुरुस्तीत ही यंत्रणा उंचावर नेली ती यामुळेच.

माझा खरा धडा जुलैतला. एका इमारतीची वीज गेली आणि आम्ही दोघं टॉर्च घेऊन जिन्याने दारं ठोठावत निघालो. प्रश्नावली मी बनवली होती. घरात ऑक्सिजन मशीन आहे का, व्हीलचेअर आहे का, कोणी डायलिसिसवर आहे का. फार अभिमान होता मला तिचा. अकराव्या मजल्यावर एका आजींनी साखळी न काढता दार किलकिलं केलं आणि माझे तिन्ही प्रश्न 'नो, नो, नो' करत संपवले. मी 'सगळं ठीक' अशी खूण करणार, एवढ्यात त्यांनी स्पॅनिशमध्ये काहीतरी विचारलं. सोबतच्या सहकाऱ्याने सांगितलं, 'फ्रिजमधल्या इन्सुलिनचं काय करू, विचारतायत.' माझ्या कागदावर फ्रिज नव्हताच. समासात पेनाने लिहिलं आणि पुन्हा तळमजल्यापासून सुरुवात केली. त्या रात्री फ्रिजमध्ये औषध असलेली आणखी घरं निघाली. पाय दोन दिवस दुखत होते, पण तक्रार कोणाकडे करणार?

यादीसुद्धा मी आडनावांनुसार लावली होती. साहेबांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, 'जिना चढताना आडनाव दिसतं का?' तेव्हापासून आधी मजला, मग घर क्रमांक. वर्गातल्या जीआयएसच्या (संगणकावरच्या) नकाशात मजले नसतात, हे तुलाही कळेलच.

१ ऑक्टोबरपासून ३१ मेपर्यंत हीट सीझन, म्हणजे घरमालकाने घर गरम ठेवायचे महिने. कायदा शहरभर एकच, घर सरकारी असो की खासगी. दिवसा बाहेर ५५ फॅरेनहाइटच्या खाली गेलं की घरात किमान ६८, रात्री बाहेर काहीही असो, ६२. म्हणजे साधारण २० आणि १७ सेल्सिअस. हे आकडे पाठ कर, तुझ्या भाड्याच्या खोलीतही उपयोगी पडतील. घरमालक ऐकत नसेल तर शहराच्या ३११ या हेल्पलाइनला तक्रार करता येते.

स्पॅनिश आत्तापासून शीक, निदान औषध, पाणी, जिना आणि आकडे. आणि मुलाखतीत 'डेटा अ‍ॅनालिसिस आवडतं' म्हणालीस तर दिवसभर एक्सेलपुढे बसवतील. फील्डवर जायचंय हे स्पष्ट सांग. जाड तळव्याचे बूट घे. ऑफर लेटर आलं की त्याच दिवशी इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक, आणि त्यांचं उत्तर काय आलं ते मला कळव.